नोकरी सोडून एम.एस.ला जाऊ का? शिरवळच्या एका डिझाइन इंजिनिअरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सांगलीतून मेकॅनिकल केलं, सी.जी.पी.ए. ७.६. शिरवळच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत डिझाइनला चार वर्षं दोन महिने झाले. पॅकेज ७ लाख २० हजार, हातात ५२ हजार येतात. अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एम.एस. मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली आहे, वर्षाचा सगळा खर्च त्यांनी ३० हजार डॉलर दाखवलाय. माझी बचत सहा लाख आहे, वडील पाच लाख देतील. त्यांची तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. कंपनीत वाढ नाही, बरोबरीचे बरेच जण गेले. कामही तेच ते आहे. एका ब्रॅकेटला टेस्टमध्ये दर वेळी त्याच जागी क्रॅक येतो, ॲनालिसिस पुण्याची टीम करते, 'रेडियस वाढवा' असा रिपोर्ट येतो, पण का ते कुणी सांगत नाही. घरचे म्हणतात, जायचं तर लग्न करून जा. महिन्याभरात कळवायचंय. काका, नोकरी सोडू का? की जर्मनी बघू?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पगार, बढती, बरोबरीचे मित्र, घरचे, या सगळ्यावर तू भरपूर लिहिलंयस, आणि ते ब्रॅकेटचं वाक्य मध्येच कुठेतरी येऊन गेलंय. मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटतं. त्याच्याकडे परत येतो, पण आधी माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी असं का म्हणतोय ते कळेल.

बी.ई. झाल्यावर तीन वर्षं मी सांगलीजवळच्या एका फाउंड्रीत होतो. आम्ही पंपाची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, ओतायचो, एस.जी. आयर्नमध्ये (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतो ते ओतीव लोखंड). मशिनिंग होऊन हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली, लावलं की दहातल्या दोन-तीन केसिंगना फ्लॅन्जच्या मुळाशी घाम फुटावा तसं पाणी यायचं. आत पोकळी राहिलेली असायची. आमचा उपाय एकच, रायझर, म्हणजे गोठताना कास्टिंगला जादा धातू पुरवणारा साठा, मोठा करा. रायझर मोठा केला, धातू जास्त लागायला लागला, गळती होती तशीच. मेल्टिंगवाला वाळूला बोल लावायचा, वाळूवाला मशिन शॉपला, मशिन शॉप मेल्टिंगला. शेडमागच्या कडुलिंबाखाली रिजेक्ट केसिंगचा ढीग वाढत गेला. रोज कामावर जाताना तो ढीग दिसायचा आणि मला खरंच लाज वाटायची. कारण मी इंजिनिअर होतो आणि ते का होतंय हे मला सांगता येत नव्हतं.

पुण्याला मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून २००२ साली मी फ्रायबर्गला गेलो. जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनीत हे छोटं गाव आहे. तिथलं खाणकाम आणि धातुशास्त्राचं विद्यापीठ १७६५ सालचं. दुसऱ्या सेमिस्टरला एका तासाला सरांनी फळ्यावर एक आकृती काढली. एस.जी. आयर्न गोठताना त्यातला ग्रॅफाइट फुगतो. मोल्ड घट्ट असेल तर ते फुगणं आतली पोकळी भरून काढतं. मोल्ड मऊ असेल तर भिंती बाहेर सरकतात, कास्टिंग किंचित मोठं होतं आणि पोकळी आत राहते. मी वहीत उतरवून घेत होतो, मध्येच पेन थांबलं. आमच्या फाउंड्रीत दुसऱ्या शिफ्टला कॉम्प्रेसरची हवा कमी पडायची, मोल्डिंग मशीन नीट दाबायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि गळकी केसिंग बहुतेक दुसऱ्या शिफ्टचीच असायची, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. या दोन गोष्टी आम्ही तीन वर्षांत कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

त्या रात्री होस्टेलवरून आमच्या मोल्डिंगच्या मामांना पत्र लिहिलं, की दोन्ही शिफ्टला मोल्डची हार्डनेस मोजा. महिन्याने उत्तर आलं. सकाळी नव्वदच्या आसपास, संध्याकाळी सत्तर-बहात्तर. कॉम्प्रेसरची लाइन वेगळी केली आणि गळती जवळपास थांबली.

हे ज्ञान इथेही मिळालं असतं. फाउंड्रीच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात ते आहे आणि ते पुस्तक आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत होतं. परदेशाने मला दिलं ते वेगळंच. प्रॉडक्शनचा टाहो नाही, आणि एका प्रश्नाच्या मागे लागायला दोन वर्षं मोकळी. आधी मोजायचं आणि मग बोलायचं, ही सवयही तिथलीच. पण ती दोन वर्षं सोन्याची झाली, कारण मी जाताना प्रश्न घेऊन गेलो होतो. माझ्याबरोबर हुशार मुलं होती, माझ्यापेक्षा किती तरी हुशार. त्यातली काही नुसती डिग्री घ्यायला आलेली. थिसिसचा विषय निवडायची वेळ आली की ती 'सर, तुम्हीच द्या' म्हणायची. मी फ्लॅन्जच्या त्या गळतीवर थिसिस केला.

२००८ ला परत आलो. तेव्हापासून कुपवाड एम.आय.डी.सी.त माझं कास्टिंग सिम्युलेशनचं आणि पॅटर्नचं काम आहे. रविवारी सकाळी परदेशी जाऊ पाहणारी मुलं कागद घेऊन येतात. इतक्या वर्षांत कोण कशाने तरलं आणि कोण कशाने अडकलं हे जवळून पाहिलंय. मुलाखतीत तुझं काम काय, तुला कुठला विषय येतो असं विचारल्यावर ज्याच्याकडे सांगायला एखादी ठोस गोष्ट असते, तो तिथेही उभा राहतो आणि परत आला तर इथेही. 'ग्रोथ नाही' म्हणून गेलेल्याचं तसं होत नाही. दोन वर्षांनी तो त्याच चौकात उभा असतो, फक्त डोक्यावर कर्ज असतं.

आता तुझा ब्रॅकेट. त्याच जागी दर वेळी क्रॅक येतो म्हणजे योगायोग नाही, तिथे काहीतरी आहे. वेल्डच्या कडेला ताण साठत असेल, ब्रॅकेटची स्वतःची कंपनसंख्या इंजिनाच्या कंपनाशी जुळत असेल, किंवा पंचिंगमधला बर, म्हणजे भोक पाडताना राहिलेली खरबरीत कड, तसाच राहत असेल. 'रेडियस वाढवा' हे उत्तर बरोबरही असू शकतं. पण तुला 'का' हवंय, आणि एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट वोलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरलाही तेच हवं होतं. रेल्वेचे ॲक्सल त्यांच्या ताकदीपेक्षा किती तरी कमी भाराखाली तुटत होते. त्याने ते लाखो वेळा फिरवून पाहिले आणि भार किती, फेरे किती, यांचे तक्ते केले. त्यावरून पुढे आलेख निघाला. आज तुमच्या पुण्याच्या टीमचं सॉफ्टवेअर आयुष्य काढतं ते त्याच आलेखाच्या वंशजावरून.

पुढचे तीन महिने एवढंच कर. टेस्ट लॅबमध्ये जा, तुटलेला तुकडा माग, भिंगाने बघ. क्रॅक हळूहळू वाढलेला असेल तर तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यावर असतात तशा कमानी दिसतात. त्या कमानी जिथे उगम पावतात, क्रॅक तिथून सुरू झाला. मग ड्रॉइंगवर ती जागा शोध. पुण्याच्या टीमला फोन करून रिपोर्टमागचं मॉडेल माग, मेश कशी घेतली (मॉडेलचे बारीक तुकडे कसे पाडले), लोड कुठून आणले, ते विचार. दिले नाहीत तर स्वतः साधं मॉडेल बनव. फटीगवर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने धातू थकून तुटण्यावर, आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची अख्खी लेक्चर्स एन.पी.टी.ई.एल. या वेबसाइटवर फुकट आहेत. सगळं कामावरून आल्यावर, रात्री, दमलेली असताना कर.

दमलेली असताना हे मी मुद्दाम म्हणतोय. तीन महिन्यांनीही तुला तो क्रॅक सुटला नाही म्हणून झोप येत नसेल, तर तुझा विषय सापडला. मग तू 'एम.एस. मेकॅनिकल' शोधणार नाहीस, फटीग आणि टिकाऊपणा शिकवणारा विभाग शोधशील, तिथले प्राध्यापक कशावर काम करतात ते वाचशील. जर्मनीत डार्मस्टाटला फ्राउनहोफर या संशोधन संघटनेची एक संस्था याच विषयाला वाहिलेली आहे, असल्या जागा तुला आपोआप दिसायला लागतील. आणि दुसऱ्याच महिन्यात कंटाळा आला, तरी वाईट वाटून घेऊ नकोस. मग तुला कंपनी बदलायची गरज आहे, देश नव्हे. पुण्यात, चाकणला, सी.ए.ई.च्या, म्हणजे संगणकावर ॲनालिसिस करणाऱ्या, टीम आहेत. चार वर्षांच्या अनुभवावर तू तिथे जाऊ शकतेस, आणि त्याला एक रुपयाचं कर्ज लागत नाही.

आता पैसे. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण बरीच घरं इथेच फसतात.

दोन वर्षांचे ६० हजार डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर ५२ लाख ८० हजार. व्हिसा, तिकीट धरून ५३ लाख म्हणू. तुझी बचत सहा आणि वडिलांचे पाच, असे अकरा लाख निघाले तरी ४२ लाख कर्ज. व्याज साडेदहा टक्के धरू. हप्ता बऱ्याच बँकांत कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पैसे चार टप्प्यांत उचललेस तरी हप्ता सुरू होईपर्यंत पावणेआठ लाखांच्या आसपास व्याज साठतं. म्हणजे फेडायला सुरुवात ५० लाखांपासून. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ६७,५००. पंधरा वर्षांत फेडायचं तर ५५,३००, पण मग एकूण फेड जवळजवळ एक कोटी होते. आज तुझ्या हातात ५२ हजार येतात.

'तिथे नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत फिटेल', हे सगळे म्हणतात. लागली तर फिटतंच, मी पाहिलंय. पण मी प्रत्येकाला दुसरा हिशेब करायला लावतो: डिग्री मिळाली आणि परत यावं लागलं, तर? इथे येऊन वर्षाला १२ लाखांची नोकरी मिळाली असं धर. त्या पगारातून ६७ हजारांचा हप्ता जाऊन पुण्यात खोलीभाडं, जेवण, घरी काही पाठवणं जमतंय का? नाही जमत. म्हणजे या मार्गाला परतीची वाट नाही. ज्या मार्गाला परतीची वाट नाही तिथे पहिल्या सेमिस्टरपासून माणूस भीतीने जगतो. विषय आवडीचा न घेता नोकरी लागेल तो घेतो, आणि मग शिकायला गेलो होतो हेच विसरतो.

अमेरिकेचे नियमही समजून घे. तुझ्या विषयाच्या डिग्रीवर ओ.पी.टी. (शिकून झाल्यावर काम करायची परवानगी) १२ महिने आणि त्यापुढे २४, अशी तीन वर्षं काम करता येतं. पण पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात. नोकरी मिळायला त्याहून वेळ लागला की परत. त्यानंतर एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५ हजार जागा, वर तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, आणि अर्ज लाखोंनी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं तेव्हा माझ्याकडे रविवारी पालकांची रीघ लागली होती. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा नंतर आला, पण एका रात्रीत नियम बदलू शकतो हे सगळ्यांनी पाहिलं. अमेरिकेत विषय उत्तम शिकवतात, प्रयोगशाळा उत्तम आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तुला तिथे रिसर्च असिस्टंटशिप मिळाली, फी माफ झाली, तर मी उद्या बॅग भर म्हणेन. सगळा खर्च स्वतःचा आणि विषय ठरलेला नाही, अशा अवस्थेत मात्र नको.

जर्मनीचा हिशेब वेगळा बसतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही, सेमिस्टरची वर्गणी काय ती भरायची. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरला चार ते सहा हजार युरो घ्यायला सुरुवात केली. बाकी खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. हिशेबाला सोपं म्हणून युरो १०० रुपये धर. दोन वर्षांचे २४-२५ लाख होतात. तुमच्या घरचे अकरा लाख वजा करता कर्ज तेरा-चौदावर येतं. ते व्याजासकट २० लाख झालं असं मोठं धरलं तरी दहा वर्षांचा हप्ता २७ हजार. हा हप्ता तू शिरवळला परत येऊनसुद्धा फेडू शकतेस. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. शिवाय वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

तिथली अडचण भाषेची आहे. कोर्स इंग्रजीत मिळेल, पण नोकरी देणाऱ्या बऱ्याचशा कंपन्या मध्यम आकाराच्या, छोट्या गावांतल्या, आणि मीटिंग जर्मनमध्ये. जर्मनची बी-१ ही मधली पातळीसुद्धा न करता गेलेली मुलं त्या १८ महिन्यांत फार हाल काढतात. मला पहिलं सेमिस्टर अर्धं कळायचंच नाही. 'लुंकर' म्हणजे आपली आतली पोकळी आणि 'श्पायझर' म्हणजे आपला रायझर, हे जुळायला महिना गेला. शिरवळहून पुणं पन्नासेक किलोमीटर. शनिवार-रविवारची बॅच धर किंवा ऑनलाइन शिक, पण परीक्षा मॅक्समुल्लर भवनाचीच दे. जर्मनीला न जायचं ठरलं तरी ते वाया जात नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. जर्मनीसाठी आधी ए.पी.एस. प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, लागतं, त्याचे १८ हजार रुपये आणि बरेच आठवडे. ते पहिल्यांदा टाक. तुझे ७.६ त्यांच्या मोजणीत किती होतात ते मार्कशीटवरच्या पासच्या सीमेवर ठरतं. दहातून तुझे गुण वजा कर, दहातून पासची सीमा वजा कर, पहिल्याला दुसऱ्याने भाग, तिनाने गुण आणि एक मिळव. पास ४ ला असेल तर २.२ येतात, ५ ला असेल तर २.४४. तिथे आकडा जितका कमी तितका चांगला, आणि बऱ्याच कोर्सना २.५ ची मर्यादा असते. म्हणजे तू बसतेस, पण दुसऱ्या हिशेबाने अगदी काठावर. म्हणून ती सीमा कॉलेजकडून लेखी घे. आणि सगळे मूळ कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या मार्कशीट कपाटातच भिजल्या, व्हिसाची तारीख दहा दिवसांवर. त्याने कसंबसं निभावलं, पण ते दहा दिवस त्याच्या आईने कसे काढले ते मी पाहिलंय.

बँकेबद्दल वडिलांशी आत्ताच बोल, कारण शेतकऱ्याच्या घरात इथे मोठा गैरसमज असतो. 'अडीच एकर बाग आहे, सातबारा देऊ' असं म्हणून बँकेत जातात आणि मॅनेजर मान हलवतो. कर्ज थकलं तर तारण जप्त करायचा जो सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. त्यांना एन.ए. प्लॉट, शहरातलं घर किंवा ठेव लागते. गावठाणातल्या घरालाही कटकट असते. त्यात सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असतोच. सहअर्जदार म्हणून वडिलांचं उत्पन्न दाखवायला गेलात तर रिटर्न मागतात, आणि शेतीच्या उत्पन्नाचे रिटर्न बहुतेकांनी कधी भरलेले नसतात. मग तारण न मागणारी खासगी फायनान्स कंपनी येते, तिचं व्याज जास्त. तुझा ४२ लाखांचा आकडा याच दारात जाऊन उभा राहील.

आणि बाग म्हणजे बाग. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की दावण्या रोग येतो आणि वर्षाचं गणित एका आठवड्यात बदलतं, हे तुला मी सांगायला नको. वडिलांचे पाच लाख तू धरलेस ते कुठल्या हंगामाचे, आणि तो हंगाम गेला तर काय, हे त्यांना समोर बसवून विचार. मुली हे विचारत नाहीत. बापही 'बघू, होईल' म्हणतो. ते 'बघू' कर्जाच्या कागदावर चालत नाही.

शिष्यवृत्त्या बघितल्यास का, ते पत्रात नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या राज्याच्या संस्थेची आहे, इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. तुमच्या घरचा प्रवर्ग आणि उत्पन्नाची मर्यादा बघून पहिला अर्ज तिथे कर. टाटांची जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला कर्ज-शिष्यवृत्ती देते आहे. आणि जर्मनीच्या डी.ए.ए.डी. या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची एक योजना खास नोकरी केलेल्यांसाठी आहे, दोन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय तिथे अर्जच करता येत नाही. म्हणजे जी चार वर्षं तू वाया गेली म्हणतेस, तीच तिथे पात्रता आहे. मात्र डिग्री सहा वर्षांपेक्षा जुनी झाली की ते दार बंद होतं, म्हणून फार रेंगाळूही नकोस.

घरी बसून फुकट सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सीपासून सांभाळ. त्यांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. जी सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत त्यांची नावं ते तुला सांगणार नाहीत. जर्मनीतही महागडी खासगी कॉलेजं आहेत आणि तीच गळ्यात मारली जातात.

देशातला रस्ताही मोजून बघ. गेट देऊन आय.आय.टी. किंवा बंगळूरच्या आय.आय.एस्सी.ला एम.टेक. केलंस तर कर्ज नाही, उलट महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. परीक्षा फेब्रुवारीत असते, तयारीला सहा-आठ महिने हवेत. डिझाइन आणि व्हायब्रेशनमध्ये तिथे शिकवणारी माणसं उत्तम आहेत. माझ्याकडे आलेल्या दोघांनी परदेशाचा नाद सोडून हा रस्ता धरला. त्यातली एक मुलगी आज गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करते, आणि तिच्या घरी कुणाला बँकेची पायरी चढावी लागली नाही.

लग्नाचं. मला यात बोलायचा अधिकार नाही, पण तू विचारलंस म्हणून सांगतो. लग्नाची घाई आणि शिक्षणाचा निर्णय एकाच महिन्यात करू नकोस, दोन्ही बिघडतात. आईवडिलांची भीती खरी आहे, तिला उडवून लावू नकोस. 'मी जाणार आहे' एवढंच सांगितलंस तर त्यांना फक्त विमान दिसतं. कुठल्या गावात, कुठल्या खोलीत, महिन्याला किती पैशात, कधी परत, हे कागदावर लिहून आईच्या हातात दे. मी पाहिलंय, तो कागद आला की घरातला सूर बदलतो. आमच्या आईला मी फ्रायबर्गचा नकाशा काढून दिला होता. विद्यापीठ, बेकरी, होस्टेल. तो देवघराशेजारी सहा वर्षं लावलेला होता.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. या ऑगस्टला जाऊ नकोस आणि राजीनामाही देऊ नकोस. अमेरिकेच्या विद्यापीठाला पत्र लिही की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. बरीच विद्यापीठं देतात, लेखी घे. तीन महिने क्रॅकवर काम कर आणि जर्मन सुरू कर. ए.पी.एस.चा अर्जही याच महिन्यात टाक. दिवाळीपर्यंत तुझं तुला कळेल. मग पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरचं हिवाळी सेमिस्टर धर. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या बऱ्याच कोर्सची मुदत मार्च ते मे, बाकीच्यांची १५ जुलैपर्यंत. तोवर नोकरीत पाच वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटी लागू होते. तुझा बेसिक २६ हजार असेल तर ७५ हजार रुपये होतात. निव्वळ त्यासाठी थांब असं मी म्हणणार नाही, पण विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याची डिपॉझिट त्यात निघते.

नोकरी सोडताना नीट सोड. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस साठ दिवसांची की नव्वद, ते आजच बघ, आणि व्हिसा हातात आल्याशिवाय ती देऊ नकोस. तुझ्या वरच्या साहेबांशी पटत नसेलही, तरी शिफारसपत्र टेस्ट लॅबच्या प्रमुखांकडून घेता येईल, आणि क्रॅकवर तीन महिने काम केलंस तर त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असेल. 'मेहनती आणि प्रामाणिक' असं लिहिलेली पत्रं तिथे ढिगाने येतात. 'हिने ब्रॅकेट तुटण्याचं कारण स्वतः शोधून काढलं' असं पत्र प्राध्यापक बाजूला काढून ठेवतो.

रविवारी सकाळी दहानंतर मी कुपवाडच्या शेडवर असतो. वडिलांना घेऊन ये, मार्कशीट आण, आणि लॅबमधून मिळाला तर तो तुटलेला ब्रॅकेट आण. फक्त एक सांभाळ, तुटलेले दोन भाग एकमेकांना जुळवून बघायचा मोह होतो, तो करू नकोस. घासलं की कमानी पुसल्या जातात. हलकं तेल लाव आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या कागदात गुंडाळून आण. माझ्याकडे चांगलं भिंग आहे.